अमेरिकेतून आलेला पीएस२ आणि डोकं लावायचे खेळ

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीच्या मावशीने तिच्या मुलाचा जुना, जाडा पीएस२ (सोनीचं प्लेस्टेशन २, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) लालबागच्या घरी पाठवलाय. मशीन अजून प्लगला लावलेलं नाही. विचारणाऱ्याला बुद्धिबळाचा नाद आहे, कॉलेजात असताना सायबर कॅफेत एज ऑफ एम्पायर्स भरपूर खेळून झालंय, नुसत्या गोळीबारात रस नाही. धाकट्या बहिणीलाही सोबत खेळायचंय. तर या मशीनवरचे सगळ्यात चांगले स्ट्रॅटेजी गेम कोणते?

गेमकडे वळतोच, पण आधी प्लग. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं असतं आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट येतात. जाड्या पीएस२चा पॉवर सप्लाय मशीनच्या पोटातच असतो, त्यामुळे पिनचा अडॅप्टर लावून थेट बोर्डात खुपसलात तर पॉवर सप्लाय गेलाच म्हणून समजा. लॅमिंग्टन रोडला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, २३०चे ११० करणारा. शंभर वॅटचा पुरतो, दीडशेचा घेतलात तर निश्चिंत. हातात घेतल्यावर जड लागणारा, आत तांब्याची गुंडाळी असलेला घ्या. प्रवासात हेअर ड्रायरला लावतात तसला हलका कन्व्हर्टर मशीनला लावू नका. इतकी वर्षं कन्सोल दुरुस्त करतोय, परदेशातून आलेलं मशीन माझ्या टेबलावर येतं ते बहुतेक वेळा याच एका कारणाने.

आता दुसरी बाजू. तुमचं मशीन अमेरिकेच्या रीजनचं आहे, म्हणजे तिथे विकल्या गेलेल्या डिस्कच वाचणारं. आपल्याकडे दुकानांतून अधिकृत विकले गेलेले गेम पॅल, म्हणजे युरोपच्या जातीचे. ते तुमच्या मशीनवर चालणार नाहीत, डिस्क टाकली की नुसता लाल पडदा येईल. ऐकून वाईट वाटेल, पण स्ट्रॅटेजीवाल्या माणसाला याहून चांगली गोष्ट नाही. या प्रकारातले काही उत्तमोत्तम गेम युरोपच्या जातीत निघालेच नाहीत. इथे रीतसर पीएस२ विकत घेतलेल्यांना ते सरळ मार्गाने कधी खेळता आले नाहीत; चिप बसवलेल्या मशीनवर कोणाच्या कोणाच्या कॉप्या फिरायच्या तेवढंच. तुम्हाला ओरिजिनल डिस्क थेट टाकता येईल. मावशी दिवाळीला येणार असेल तर यादी आत्ताच पाठवून ठेवा. चार डिस्कना बॅगेत जागा किती लागते!

एज ऑफ एम्पायर्सचा विषय इथेच संपवतो. त्याच्या दुसऱ्या भागाची पीएस२ आवृत्ती कोनामीने काढली होती, पण जपान आणि युरोपसाठी. अमेरिकेत ती आली नाही. तिला यूएसबी माऊस आणि कीबोर्ड लावता यायचा, यातच काय ते समजा. जो खेळ माऊसने शंभर माणसं एका फटक्यात गोळा करायची म्हणून बांधलाय तो पॅडवर, म्हणजे हातात धरायच्या बटणांच्या कंट्रोलरवर, खेळणं ही शिक्षा आहे. कर्सर पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तुमचं गाव जळून खाक. जुन्या कन्सोलवर खरे स्ट्रॅटेजी गेम तेच, जे पॅड हातात धरून विचार करणाऱ्यांनी बनवले: पटावर घरं आखलेली, चाल तुमची असेल तोवर समोरचा थांबलेला. घरात टीव्ही एक, बाबांना साडेसातच्या बातम्या हव्यात, मध्येच दाराची बेल वाजते, अशा घरात तर थांबणारा खेळच हवा. बुद्धिबळ खेळणाऱ्याला यात जड काहीच नाही.

मग सुरुवात कशाने? डिसगायाने. पूर्ण नाव ‘डिसगाया: अवर ऑफ डार्कनेस’, निप्पॉन इची या जपानी कंपनीचा गेम, अमेरिकेत २००३ साली अ‍ॅटलसने आणला. नरकाच्या राजाचा मुलगा लाहार्ल दोन वर्षांच्या झोपेतून उठतो तर वडील वारलेले आणि गादीवर डोळा ठेवणारे सतराशे साठ. कथा टवाळ आहे. सुरुवातीला पोरकट वाटेल, वाटू द्या. खरा माल पटावर आहे.

पटावर एका वेळी दहा पात्रं उतरवता येतात. पात्र आपल्या माणसाला उचलून फेकू शकतं. एकाने दुसऱ्याला उचलायचं, त्या जोडीला तिसऱ्याने उचलायचं, आणि मग पुढे भिरकावत न्यायचं. जो माणूस चार घरं चालतो तो एका डावात पटाच्या पलीकडच्या टोकाला पोचतो. शत्रूलाही उचलून दुसऱ्या शत्रूवर टाकता येतं, पण मग दोघे एक होतात आणि त्याची लेव्हल वाढते. हे मुद्दाम करायची वेळही येते, कारण जितका तगडा शत्रू तितका मारल्यावर फायदा मोठा. प्रिनी नावाचे पेंग्विनसारखे नोकर आहेत, ते फेकले की फुटतात. बहिणीला हे सगळ्यात आधी आवडेल.

पण डिसगाया समजला की नाही, हे कळतं जिओ पॅनेलवर. पटाची काही घरं रंगीत असतात, समजा लाल आणि निळी. त्यांतल्या एका लाल घरावर एक छोटा पिरॅमिडसारखा रंगीत दगड ठेवलेला असतो आणि त्यात काही गुण असतो: ‘शत्रूची ताकद वाढेल’, ‘इथे कोणाला इजा होणार नाही’, असा. तो दगड ज्या रंगाच्या घरावर, त्या रंगाच्या सगळ्या घरांना तो गुण लागू. नवखा माणूस अशा पटावर इजा न होणाऱ्या शत्रूला डावामागून डाव बडवत बसतो. करायचं असं की एका प्याद्याला फेकून दगडापर्यंत पोचवायचं आणि दगड उचलून बिनरंगी घरावर टाकायचा. गुण गेला. त्याहून धारदार चाल म्हणजे दगड फोडणं. लाल घरावरचा निळा दगड फोडला की लाल घरं एकेक करत निळी होत जातात आणि त्यांच्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला मार बसतो, तुमच्या माणसांनासुद्धा. त्या रंग बदलणाऱ्या घरांत आणखी एखादा दगड आला तर तोही फुटतो, आणि साखळी पुढे चालू. चांगल्या पटावर एक दगड नेमका फोडून निम्मे शत्रू साफ होतात, वर बोनसची पट्टी भरते ती वेगळीच. मी ज्यांना ज्यांना हा गेम शिकवला त्यांना पहिला धडा हाच दिला: पट उघडला की आधी दगड मोजा, मग शत्रू.

लेव्हल ९९९९ पर्यंत जाते. तलवार असो वा चप्पल, प्रत्येक वस्तूच्या आत एक वेगळी दुनिया आहे; तिच्यात उतरून मजल्यामागून मजले जिंकले की वस्तू सुधारते. साध्या वस्तूला तीस मजले, दुर्मीळ असेल तर साठ किंवा शंभर. दर दहा मजल्यांनी बाहेर पडायची सोय मिळते, त्याआधी निघायचं तर त्यासाठीची खास वस्तू जवळ हवी. लढाईच्या मध्यात सेव्ह होत नाही, त्यामुळे जेवणाचं ताट वाढलं असेल तेव्हा आत शिरू नका. आणि हो, नरकात विधानसभापण आहे. ठराव मांडायचा, सदस्यांना वस्तू चारून खूश करायचं, तरी नाही म्हणाले तर तिथेच मारामारी करून मंजूर करून घ्यायचा. आपल्याकडच्या माणसाला याचं वेगळं ट्यूटोरियल लागत नाही.

कथा संपायला लेव्हल फार चढवावी लागत नाही. ९९९९चा नाद नंतरचा, तो लागला तर लागला. दुसरा भाग २००६चा, यंत्रणा जास्त घोटीव, विनोद जरा कमी. पहिला संपल्याशिवाय घेऊ नका. त्याच कंपनीचे ‘फँटम ब्रेव्ह’ आणि ‘मकाई किंग्डम’ यांत घरंच नाहीत, मोकळ्या मैदानात वर्तुळात हालचाल. बुद्धिबळवाल्याला ते सैल वाटतील, मलाही वाटतात.

दुसरी शिफारस पीएस२ची नाहीच. तुमच्या मशीनवर पीएस१च्या डिस्क चालतात, आणि पीएस१वर ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ आहे. जपानात १९९७, अमेरिकेत १९९८. युरोपात तो त्या काळी आलाच नाही, म्हणून वर म्हटलं की मावशीचं मशीन भाग्याचं. माझ्या मते या प्रकारात याच्या वर काही नाही. डिसगाया आधी सांगितला तो फक्त जास्त मोकळा आहे आणि चुकांना माफ करतो म्हणून.

टॅक्टिक्समध्ये ‘आता माझी टीम, मग त्याची टीम’ असं नसतं. प्रत्येक पात्राचा एक आकडा असतो, तो त्याच्या वेगाच्या हिशेबाने चढत जातो, शंभरला पोचला की त्याची पाळी. वेगवान चोर दोनदा खेळून घेतो तेव्हा चिलखती सरदाराची एक चाल होते. मोठ्या मंत्राला तयारीचा वेळ लागतो. तुम्ही आगीचा मंत्र म्हणायला घेतलात आणि तो पुरा व्हायच्या आत शत्रूची पाळी आली, तर तो तिथून सरकतो आणि आग रिकाम्या घरावर पडते. किंवा तो नेमका तुमच्या माणसाला चिकटून उभा राहतो आणि दोघेही भाजतात. म्हणून मंत्र टाकण्याआधी पाळ्यांची यादी उघडून बघायची सवय लावा. यादीत मंत्रसुद्धा दिसतो, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर ते. घड्याळ लावून बुद्धिबळ खेळणाऱ्याला यातली गंमत लगेच कळेल. उंची मोजली जाते, माणसाचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही मोजलं जातं. पाठीवर केलेला वार सहसा चुकत नाही. चाल संपवताना तोंड कुठे करायचं असं गेम विचारतो तेव्हा नुसतं बटण दाबून मोकळे होऊ नका. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर तीनपासून उलटी मोजणी सुरू होते. ती संपली की तो कायमचा गेला.

कथा गादीच्या भांडणाची आहे: रामझा आणि डेलिटा हे दोन मित्र, एक उमराव घराण्यातला, एक साध्या घरातला, आणि खालच्याने वर चढण्यासाठी मोजलेली किंमत. त्या जुन्या डिस्कवरचं इंग्रजी मात्र भयंकर आहे. ट्यूटोरियलमधली काही वाक्यं दोनदा वाचली तरी कळत नाहीत. कंटाळू नका, तो भाग सोडून द्या, खेळता खेळता कळतं.

एक धोक्याची जागा आहे ती सांगतोच, कारण कित्येकांचा गेम तिथे कायमचा अडकलाय. रिओव्हानेस नावाचा किल्ला येतो. तिथे लागोपाठ तीन लढाया आहेत आणि मधे सेव्ह करायचं विचारतात, पण बाहेर पडून ताकद वाढवून परत येता येत नाही. दुसरी लढाई सुरू होते ती रामझा एकटा विरुद्ध विगराफ हा शत्रूकडचा सरदार. रामझा कच्चा असेल आणि तुम्ही एकाच जागी जुन्या सेव्हवरच नवं सेव्ह करत आला असाल, तर पुढे जिंकता येत नाही आणि मागे जाता येत नाही. किल्ल्यात शिरण्याआधी सेव्ह वेगळ्या जागी ठेवा. हा एवढा एक सल्ला पाळलात तरी या उत्तराचे पैसे वसूल.

सेव्हवरून आठवलं: पीएस१च्या गेमचं सेव्ह पीएस२च्या ८ एमबीच्या कार्डावर होत नाही. त्याला पीएस१चंच मेमरी कार्ड लागतं, ते पीएस२च्या त्याच खाचेत बसतं. बाजारात ६४ एमबी, १२८ एमबी असं छापलेली बिननावाची पीएस२ कार्डं मिळतात, स्वस्त असतात. त्यांत एक दिवस सगळं उडतं. सोनीचं जुनं, वापरलेलं कार्ड घ्या.

तिसरा ‘फ्रंट मिशन ४’, अमेरिकेत २००४. हाही युरोपात नाही. माणसं बसलेले लढाऊ यंत्रमानव, त्यांना वॅन्झर म्हणतात. धड, डावा हात, उजवा हात, पाय, प्रत्येकाची ताकद वेगळी मोजली जाते. हात तुटला की त्या हातातलं हत्यार गेलं, पाय तुटले की यंत्र खुरडतं, धड फुटलं की खेळ खलास. त्यामुळे दर वेळी जीवच घ्यावा लागत नाही. लांबून क्षेपणास्त्र टाकणाऱ्याचा तो एक हात निकामी केलात तरी तो पटावर असून नसल्यासारखा. गोळी कुठे लागेल यावर पुरता ताबा नसतो, पण बंदूक बदलली की हिशेब बदलतो: मशीनगन सगळ्या अंगावर शिंतोडे उडवते, रायफल एकाच जागी खोल जाते. शिवाय दोन-तीन साथीदार आधीच जोडून ठेवता येतात, एकाने गोळी झाडली की टप्प्यात असलेले बाकीचेही झाडतात. मग चालींपेक्षा कोण कुठे उभा आहे याला महत्त्व येतं. दोन कथा आलटून पालटून चालतात, एक युरोपातली, एक व्हेनेझुएलातली. गती मंद आहे, पहिले काही तास जांभया येतील. गॅरेजमध्ये यंत्रांचे सुटे भाग अदलाबदल करत बसायला आवडणारा माणूस मात्र यात बुडून जातो, आणि मी त्यांतलाच आहे.

‘रिंग ऑफ रेड’ फार कमी लोकांना माहीत आहे. कोनामीचा, अमेरिकेत २००१. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे पडले असते तर, ही कल्पना. पटावर हालचाल पाळीपाळीने, पण दोन यंत्रं भिडली की लढाई समोर चालू वेळेत होते. नेम धरायचा आणि थांबायचं. जितकं थांबाल तितकी नेम लागण्याची टक्केवारी चढते. चाळीसला झाडायचं की ऐंशीपर्यंत दम धरायचा? तेवढ्यात समोरच्याचाही नेम चढतोय. दर लढाईत दहा-बारा वेळा हा जुगार खेळावा लागतो आणि प्रत्येक वेळी घाम फुटतो. तोटा एकच, प्रत्येक चकमक लांब चालते. एका मोहिमेला सबंध दुपार जाऊ शकते. मेगाब्लॉकच्या रविवारचा गेम.

कोएई कंपनीचे ऐतिहासिक गेम वेगळ्या वळणाचे. ‘केसेन’ अमेरिकेत पीएस२सोबतच २००० साली आला: १६०० सालची सेकीगाहाराची लढाई, तोकुगावा इएयासू विरुद्ध तोयोतोमींचा पक्ष. लढाईपेक्षा तिच्या आधीची खलबतं जास्त रंगतात. कोणता सरदार कुंपणावर बसलाय, कोणाला पत्र धाडून फोडायचं. सेकीगाहाराचा निकाल प्रत्यक्षातही कोबायाकावा हिदेआकीने ऐन वेळी बाजू बदलल्यामुळे फिरला होता. पानिपत वाचत वाढलेल्या माणसाला हे वातावरण लगेच ओळखीचं वाटतं. १७६१वर असा गेम कोणी केला नाही याची हळहळही वाटते. लढाई पाळीपाळीची नाही, पण फौजांची चाल जड आणि हुकूम मोजके, त्यामुळे पॅडवर त्रास होत नाही. केसेन लवकर संपतो. त्याच कंपनीची ‘रोमान्स ऑफ द थ्री किंग्डम्स’ मालिका मात्र संपतच नाही. अकराव्या भागात सगळा चीन एकाच नकाशावर, शाईच्या चित्रासारखा, षटकोनी घरांत आखलेला. धान्य, घोडे, कारखाने, अधिकाऱ्यांची निष्ठा, सगळं सांभाळायचं. मेनू वाचायची तयारी असेल तर घ्या, पण पहिला म्हणून नको.

चालू वेळेतलं काही हवंच असेल तर ‘ग्रिमग्रिमोआर’, २००७. जादूच्या शाळेचा मनोरा, बाजूने कापून दाखवल्यासारखा; मजल्यामजल्यावर तुमची भुतं आणि पऱ्या. नकाशा मजल्यांचा असल्यामुळे कर्सर हरवत नाही. एज ऑफ एम्पायर्सची तलफ यावर भागवा. ‘आर्मी मेन: आरटीएस’ स्वस्तात दिसेल, सोडून द्या.

या गेममध्ये अक्षरं बारीक आणि भरपूर, म्हणून टीव्हीची जोडणी नीट हवी. पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीने एलईडी टीव्हीवर चित्र धुरकट येतं. पीएस२ची कॉम्पोनंट केबल (चित्रासाठी लाल, हिरवी, निळी अशा तीन वेगळ्या वायरी असलेली) मिळाली तर घ्या, आणि ती लावण्याआधी जुन्या वायरीवरच मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉम्पोनंट व्हिडिओ आउट ‘आरजीबी’वर असेल तर दुसऱ्या पर्यायावर करा, नाहीतर रंग भलतेच दिसतील. टीव्हीचा आकार ४:३ ठेवा. पॅड ओरिजिनल घ्या. या खेळांत सगळं काम बाणांच्या बटणांवर चालतं, आणि डिसगायाचा पट तिरका असल्यामुळे घासलेल्या बटणाने प्यादं हमखास शेजारच्या घरात जातं.

मशीन तपासताना तीन डिस्क टाकून बघा: खालून चंदेरी असते ती डीव्हीडी, निळी असते ती पीएस२ची सीडी, काळी असते ती पीएस१ची. जुनी लेन्स एक प्रकार वाचते आणि दुसरा वाचत नाही, असं सर्रास होतं. तुमचा अर्धा जीव काळ्या डिस्कवर आहे, तेव्हा ती नक्की बघा. पावसाळ्यात मशीन नुसतं कपाटात ठेवू नका, जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तासभर चालवा, आणि जवळ सिलिका जेलची पुडी असू द्या.

राहिली बहीण. वर सांगितलेले गेम मुळात एकट्याने खेळायचे आहेत. दोघांनी शेजारी बसून एकमेकांच्या चालींना नावं ठेवता येतात तेवढंच. दोघांसाठी ‘वर्म्स आर्मागेडन’ घ्या, पीएस१चा, १९९९. चार-चार किड्यांच्या दोन टोळ्या, वाऱ्याचा अंदाज घेऊन तोफ डागायची, पाळी संपली की पॅड पुढे. पाळीला किती सेकंद द्यायचे ते ठरवता येतं. बहीण नवखी असेल तर तिला सवय होईपर्यंत वेळ वाढवून ठेवा आणि पहिले काही सामने तुम्ही बझूका सोडून दुसरं काही वापरायचं नाही, असं ठरवून खेळा. एकदा तिला निन्जा रोप (झोके घेत पुढे जायची दोरी) जमला, की सवलत तुम्हाला मागावी लागेल.